संयूचं जागरण

रात्रभर झोपू द्यायचं नाही, डॉक्टर म्हणाले.
म्हणून दोन वाजता रंकाळ्यावर आम्ही दोघंच,
दिव्याचे खांब मोजत.
एकोणचाळिसाव्याला संयू पेंगली.
मी चिमटा काढला.

पहाटे गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध,
तिच्या ओठावर फेसाची मिशी.

आणि दहाला राजारामपुरीत मुल्लाणी मॅडम
केसांत भांग पाडत, तारा चिकटवत म्हणतात,
नीज आता, बाळा.

"बाबा, आता चालतंय?"
चालतंय की.

पडद्यावर तिची झोप उतरली
रेघारेघांनी.
ह्या झोपेच्या चात्या, मॅडम म्हणाल्या,
चांगल्या असतात.
मग एका जागी
बाभळीचा काटा उठला.
पाठोपाठ दुसरा.
मॅडम गप्प. नुसती वेळ लिहून घेतली:
अकरा वाजून चार.

संयूच्या दंडावर
चिमट्याची जागा अजून लाल होती.