सातवी काठी

रविवारी रात्री जेवणं आटोपली, की मी
सिंकमधलं प्लास्टिकचं तसराळं रिकामं करते.
कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब,
आणि पिशवीतून एकेक करून काढते
बाबांच्या गोल्फच्या काठ्या.

"डोकं बुडव, मान बुडवू नकोस,"
बाबा खुर्चीतून सांगतात.
"मानेतला डिंक सुटतो, आणि मग
चेंडूच्या आधी डोकंच उडतं."
हे त्यांनी मी नऊ वर्षांची असताना सांगितलं,
आणि गेल्या रविवारीही.

पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या काठ्या वाहिल्या या माणसाने,
लॉसीमथच्या वाळूत, आडव्या पावसात,
आणि संध्याकाळी त्यांचीच माती नखाने काढली.
स्वतःच्या सात. सातही वेगवेगळ्या घरच्या:
कुणी मेलं म्हणून, कुणी वैतागून दिली,
कुणी मजुरीच्या बदल्यात.
आता बोटं वळत नाहीत.
हात मांडीवर पालथे ठेवून ते ब्रशचा आवाज ऐकतात.
"पाच नंबर," म्हणतात डोळे मिटून.
पाचच असते.

दात घासायचा जुना ब्रश, मग टाचणी:
खाचांतून निघते वाळक्या गवताची रेघ,
शिंपल्यांचा चुरा, थोडी काळी माती.
ती सोळाव्या होलची, असं ते म्हणतात.
मी वाद घालत नाही.
मग कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.
ओट्यावर ओळीने मांडलेली लोखंडं
ट्यूबलाइटखाली बंदरावरच्या
ताज्या मॅकरेलसारखी दिसतात.

एका काठीला मात्र मला कधी हात लावू दिला नाही.
वेज. तपकिरी, खरबरीत, जुन्या नांगरासारखी.
"गंज चेंडूला धरतो," बाबा म्हणत.
"गुळगुळीत लोखंडाला कोण विचारतं?"
क्लबातले म्हातारेही तेच म्हणत,
तेव्हा खरंही असेल.

या रविवारी त्यांना डुलकी लागली.
रेडिओवर बोटींसाठीचं हवामान चाललं होतं.
मी एका जगमध्ये व्हिनेगर ओतलं.
खोटं कशाला बोलू, मनात काही नव्हतं,
मला फक्त सातही सारख्या हव्या होत्या.

अर्ध्या तासात व्हिनेगरचा कोरा चहा झाला.
तारेच्या चोथ्याने एकदा, दोनदा,
आणि पाठीवर अक्षरं आली.
एच. टी. डी.
हाताने ठोकलेली, डी जरा कलती.

डॉक्टर डूथी. गावात दुसरे एच. टी. डी. नव्हते.
आणि त्यांची वेज कुठे गेली, ते गावाला ठाऊक होतं:
सँडी काउलने चोरली, एकोणीसशे अडुसष्टला.
त्याच्याकडे सापडली नाही,
पण सँडी गरीब होता, आणि प्यायचा.
तेवढं पुरलं.
जूनमध्ये काढून टाकला. सप्टेंबरात कॅनडाला गेला.

बाबा दर नाताळला हॅमिल्टनला एक कार्ड टाकतात.
पत्ता स्वतः लिहितात, अजून, याच बोटांनी,
अर्धा तास लागतो.
उत्तर आलेलं मी पाहिलेलं नाही.

"व्हिनेगरचा वास येतोय."
डोळे मिटलेलेच.
"चिप्सवर घातलं, बाबा."
"रविवारी दुकान बंद असतं."
"हो."

रेडिओ म्हणाला: क्रोमार्टी, फोर्थ, टाइन.
वारा नैर्ऋत्येचा, नंतर वाढेल.
बऱ्याच वेळाने ते म्हणाले,
"पुसलीस का?"
कुठली, हे मी विचारलं नाही.

सहा काठ्या पिशवीत ठेवल्या.
सातवी, तशीच ओली,
मागच्या दाराबाहेर पायरीला टेकवली,
अक्षरं समुद्राकडे करून.
इथली हवा खारी आहे. चार दिवस लागतील.
कॅनडाच्या टपालाला आठ.