वळण

मेट्रोनोम साठावर होता. अर्लिस म्हणाला,
"फार झालं. पन्नास कर."

मंगळवारी सहाला त्याचं सलून बंद होतं,
पाटी उलटी होते, मग फिरत्या खुर्चीत मी,
स्टुलावर तो, आणि खाली फरशीवर
दिवसभराचे केस, बहुतेक पांढरे.
काळे, पिंगट, तांबूस सगळे
खाण मिटली त्याच वर्षी डोंगर उतरून गेले.

गिटार मला सोडतीत लागली.
अग्निशमन दलाची सोडत, दोन डॉलरचं तिकीट.
पहिलं बक्षीस होतं धुरावलेली डुकराची तंगडी.
खरं सांगते, मला तंगडी हवी होती.

वय एक्कावन्न. शाळेची बस चालवते, बावीस वर्षं,
पूर्व केंटकीच्या एकाच खोऱ्यातली एकशे सोळा वळणं.
स्टिअरिंगला जन्माची चिकटलेली ही बोटं,
त्यांना आता नवं वळण लावायचं म्हणजे
म्हाताऱ्या खेचराला दुडकी शिकवायची.

पहिला महिना कातडी सोलण्यात गेला.
दुसरा, हातातून पिक पडण्यात.
एकदा ते गिटारच्या पोटातच पडलं,
आम्ही दोघांनी तिला उलटी धरून हलवलं
नाणं गिळलेल्या पोरासारखी.

"आवळतेस कशाला?" अर्लिस विचारतो.
"मी वस्तरा असा आवळून धरला असता
तर या गावात कोणाला कान उरला नसता."
माझं मनगट दोन बोटांनी उचलतो, सोडतो.
पडलं पाहिजे. पडत नाही.
पुन्हा.

खाली, वर. खाली, वर.
सूर असो नसो, हात थांबवायचा नाही.
जिथे काही वाजायचं नाही
तिथूनही तो तितकाच जायचा,
तारेला न शिवता, वेळेवर.
"वेग वाजलेल्या सुरांत नसतो बाई,
या रिकाम्या फेऱ्यांत असतो."

मला पटलं नाही, पण मान हलवली.

मग शनिवार. टायरच्या दुकानामागे ब्लूग्रासवाले,
बारा-तेरा जण, शेगडी, कॉफी,
डेल्मरचा बँजो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.
चाल मला पाठ होती, एकशे दहावर,
घरी, अर्लिसला न सांगता.
इथे ती दोनशेच्या पुढे,
उतारावर ब्रेक गेलेला ओंडक्यांचा ट्रक.
माझी पाळी आली. मनगटाचं लाकूड झालं.
तिसऱ्याच ओळीत पिक दोन तारांमध्ये अडकलं
आणि चाल माझ्यावाचून निघून गेली.

कोणी थांबलं नाही.
हे बरं की वाईट, कळेना.
विलाडीन, जिचा उभा बास तिच्याहून हातभर उंच,
ठेका न सोडता ओरडली,
"परत येतेच आहे ती! चढ!"

दुसऱ्या फेरीत मी निम्मे सूर टाकून दिले.
हात तेवढा चालू ठेवला. खाली, वर,
बराचसा हवेतच. अधूनमधून एखादी तार लागे,
पण जिथे लागायची तिथेच लागे.
डेल्मरने एकदा वर पाहिलं. एवढंच.
भुवईसुद्धा हलली नाही.

सोमवारी सकाळी हेन्स्लींच्या ओढ्यापाशी
मी सवयीने बस हळू केली.
टपालपेटी आहे अजून. घर रिकामं.
चारही पोरं दोन वर्षांपूर्वी गेली.
मागून टोबिन म्हणाला,
"इथे कोणी चढत नाही आता.
रोज हळू का करता?"

पुढचं वळण आलं.
ब्रेक वळणात नाही मारायचा, आधी मारायचा,
हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही.
स्टिअरिंगवर उजवा अंगठा
खाली, वर जात होता.

रात्री मेट्रोनोम पन्नासवर आणला.
कोणी सांगितलं नव्हतं.