क्रियापद

टास्मानियात ऑगस्ट म्हणजे कडाका.
बोथवेलच्या माळावर गवत पांढरं पडलेलं,
आणि इल्मा पायबस कोपरापर्यंत मेंढीच्या आत.
"पाय आधी आलेत," ती म्हणते,
जणू कोणी पाहुणा मागच्या दाराने आला.
मग वाफाळतं, पिवळं, निसरडं काहीतरी
चिखलात पडतं आणि शिंकतं.
मेंढी वळून चाटू लागते.
आम्ही वार पडायची वाट बघतो.

दुपारी रस्त्याकडेला वॉलबी,
रात्रीच्या ट्रकने उडवलेली.
इल्मा गाडी थांबवतेच,
पिशवीत हात घालून बघतेच.
आज आहे.
तळहातभर, उघडं, डोळे मिटलेलं,
मेलेल्या आईच्या थानाला घट्ट.
ओढायचं नसतं, ओठ फाटतात.
ती कात्रीने थानच कापते
आणि तोंडात आईचा तुकडा धरलेलं ते पोर
लोकरी टोपीत, टोपी स्वेटरच्या आत.

ओढ्यापाशी कुजक्या ओंडक्याखाली
एकिडना बीळ लिंपून बसली आहे.
महिन्यापूर्वी तिच्यामागे सात नर चालले होते
एकामागे एक, काटे सावरत,
वाजंत्री नसलेल्या वऱ्हाडासारखे.
"आता एक अंडं," इल्मा म्हणते,
"द्राक्षाएवढं, चामड्यासारखं मऊ, पोटाच्या घडीत.
दहा दिवसांनी चवळीच्या दाण्याएवढं पिल्लू.
थानं नाहीत तिला. कातडीतून दूध पाझरतं, ते चाटायचं."

मी शाळेत शिकले होते: अंडज, जरायुज.
दोन डबे, दोन झाकणं.
बाई बाळंत होते, मेंढी विते,
कोंबडी अंडं घालते.
ही अंडं घालते आणि हिला पान्हा फुटतो.
हिच्यासाठी माझ्याकडे क्रियापद नाही.
तुम्ही काय म्हणता, मी विचारलं.
इल्माने बूट झटकले.
"आम्ही म्हणतो, तिचं चाललंय, मध्ये जाऊ नका."

गावातल्या दुकानात पहिल्याच दिवशी
मला कोणीतरी हलक्या आवाजात सांगितलं होतं
इल्माला काय झालं नाही ते.
तिथे क्रियापद होतं. नकारार्थी.

पहाटे तीनला भिंतीपलीकडे
खाट करकरते, स्टोव्ह पेटतो.
दारातून दिसतं:
स्वेटरखाली टोपी हलते आहे,
आणि ती बाटली तिरपी करून
मनगटावर एक थेंब टाकून बघते,
थांबते,
अजून जरा गार होऊ देते.