काटा शून्यावर

दांडिया बाजारात डोळ्यांचा एक दवाखाना आहे.
तिथल्या बाकांसमोर जो पडदा लावलाय
त्यातला प्रोग्राम माझा.
टोकन, नाव, खोली.
वर गुजराती, खाली मराठी, हा डॉक्टरीणबाईंचा हट्ट:
निम्मे पेशंट आपल्यातले आहेत.

गुजराती अक्षरं बोडकी,
ओट्यावर बसल्यासारखी सुटसुटीत.
आमची वरच्या दोरीला टांगलेली,
दोरीवर मात्रा, रफार, रफारावर अनुस्वार,
आणि खाली पाय सोडून बसलेला उकार.
मी ओळीची उंची गुजरातीवरून घेतली.
जिग्नेश म्हणाला, चालशे.

पहिल्याच सोमवारी
मृदुलाची 'मदला' झाली,
कीर्तीची 'काता',
आणि मोरे नावाचे एक शांत गृहस्थ
'मार' वाचून उठले, आत गेले.

उंची त्याच रात्री दुरुस्त केली.
रुंदी मात्र सापडेना.
दुपारी सगळं जागच्या जागी;
सकाळी मशीन सुरू झालं की
पहिलं नाव शेजारच्या रकान्यात घुसायचं
किंवा जागा असूनही
तीन टिंबं टाकून गप्प व्हायचं.
चूक बघायला कोणी गेलं की ती नसायची.
मग मीच जाऊन बसले, सव्वाआठला,
फिनेलच्या वासात.

टोकन एक.
ब☐हाणपु…

शेजारचे म्हणाले, हे मी असणार.
एक डोळा पट्टीखाली, दुसऱ्यानं त्यांनी
पडदा नीट वाचला.
विश्वंभर बऱ्हाणपुरे,
वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं,
खंडेराव मार्केटातले तराजू यांच्या शिक्क्याशिवाय
हलत नसत, असं त्यांचंच म्हणणं.

"ही लांबी मोजतं कोण?"
प्रोग्राम.
"कशानं?"
मी सांगितलं, फॉन्टला विचारतो,
हे नाव तुझ्या अंगावर किती रुंद होईल?
तो आकडा देतो.
"आणि सकाळी?"
सकाळी तो फाइलीतून अजून उठलेला नसतो.
मग हाताशी जो असेल तो दुसराच उत्तर देतो.
त्याच्याकडे तुमचं ते अर्धं र नाही,
म्हणून चौकोन.

ते हसले, पट्टीवर हात ठेवून.
"म्हणजे गिऱ्हाईक उभं, भाजी पारड्यात,
आणि माप आणलंय शेजारच्या दुकानातून."

गिऱ्हाईक.
त्यातही तेच अक्षर होतं.

मग कोणी न विचारता सांगत बसले.
सर्व्हिस बुकात बरहाणपुरे,
पासबुकात बर्हाणपुरे,
रेशनकार्डावर तर बुरानपुरी, जसा काही पुरीचा प्रकार.
"जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली, बाई,
आणि माझंच नाव सगळीकडे कमी भरलं."
उठताना म्हणाले,
"आधी रिकामा तराजू बघावा.
काटा शून्यावर आला का, मग माल."

रात्री मी दोन ओळींची जागा बदलली.
आधी फॉन्ट येऊ दे.
आला म्हणाला, तरी थांब.
मग विचार.
आणि आधी लिहून ठेवलेल्या सगळ्या रुंद्या पुसून टाक,
त्या दुसऱ्याच्या आहेत.
बऱ्हाणपुरे: जुना आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी,
नवा दोनशे एकतीस.
त्रेचाळीस पिक्सेल.
पडद्यावर पट्टी धरून बघितली, अंगठ्याएवढे होते.

जिग्नेशनं विचारलं, एवढ्यासाठी दीड दिवस?
मी बिलात दीड दिवस लावला नाही.

महिन्यानं ते दुसऱ्या डोळ्यासाठी आले.
मी मुद्दाम त्याच बाकावर.
टोकन सात: विश्वंभर बऱ्हाणपुरे,
अख्खे, दोरीला नीट लटकलेले,
अर्ध्या र ची ती बारीक पापणीसुद्धा.
त्यांनी वर पाहिलंच नाही,
फोनवर कोणाला तरी
पातऱ्याच्या पानांचा भाव विचारत होते.
नर्सनं दारातून हाक मारली,
"बरानपुरेकाका!"
आणि ते लगेच उठले.