तोंडातला आकडा

त्या सांजी कवडूच्या पेनातली शाई आटली.
कडुनिंबाच्या फांदीला काटा, काट्याला गाठोडं,
आणि कवडू नुसता ओरडत होता,
"गोकुळा, साडेअठरा! पंचफुला, एकवीस!
तोंडात धरा अन् कोठ्यावर सांगा."

वही कोठ्यावर, मोनालीपाशी.
कोठा दोन धुरे आणि एक पांदण पलीकडे.

दिवसभर पऱ्हाटीत आमची तोंडं मिटत नाहीत,
कोणाची सून, कोणाचा बोकड.
त्या सांजी सातजणी एका ओळीत
नुसते ओठ हलवत चाललो,
रवंथ करत घरी निघालेल्या गाईंसारख्या.

गोकुळाची लेक अठराची,
अन् अर्धा तिच्या पोटातला; तिला सोपं होतं.
अनुसयेनं बोटं मुडपली,
नाकावर माशी बसली तरी उघडली नाहीत.
बेबी काही बोलायला गेली
तर सगळ्यांनी डोळे वटारले.
माझे साडेसतरा मी चपलांना दिले,
डावीला साडे, उजवीला सतरा.

धुऱ्यावर कवडूचं पोरगं पाढा घोकत बसलेलं.
सतरा एके सतरा.
माझाच आकडा! मला बरं वाटलं.
सतरा दुणे चौतीस.
सतरा त्रिक एक्कावन्न.

"बंद कर बे पोट्ट्या!" पंचफुला ओरडली
आणि तोंड उघडलं तसा तिचा एकवीस खाली पडला,
काळ्या मातीत सरकी पडावी तसा.
"एकवीस होते का एकतीस, व माय?
सांगा ना व कोणी!"
कोणी सांगेना.
ऐकलं सगळ्यांनीच होतं,
पण तिचा उचलायचा तर आपला कुठं ठेवायचा?
डावीला साडे, उजवीला चौतीस.
डावीला साडे.

मोनाली भली बाई.
आधी पाणी प्या म्हणाली, गडवा पुढं केला.
सातजणी घसा कोरडा घेऊन उभ्या,
एकीनंही हात लावला नाही.
मग वहीत एकेक आकडा उतरला
आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या,
पाण्यासाठी भांडल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या काट्यावर
गाडी वहीपेक्षा दोन किलो हलकी भरली.
कोणाच्या तोंडातले ते दोन, अजून ठरलं नाही.

मी काय सांगितलं तेही आता आठवत नाही.
एवढंच, की त्या रात्री अंथरुणात
डावा पाय आपोआप हलला, म्हणाला, साडे,
आणि उजव्याची वाट बघत राहिला.