मातीचा अहवाल

सामू आठ पूर्णांक तीन.
पालाश भरपूर. चुनखडीचं विचारूच नका.
सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक एकतीस
आणि जस्तापुढे निळ्या शाईत नुसतंच : कमी.

कळमन्याच्या काट्यावर तीस वर्षं
लोकांच्या संत्र्यांची वजनं लिहिली मी,
आकड्यांना भीत नाही.
पण कागद वाचता वाचता आठवलं
गेल्या साली नव्वद किलोवर तडकलेलं कोहळं.
पाणी जास्त झालं, म्हणालो होतो.
बियाण्याला बोललो होतो,
शेजारच्या उईकेबाईंच्या बकऱ्यांनाही.

शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं :
वेल तेव्हाच लिहून देत होती,
दर पानावर.

आता शेणखताची घमेली, मोजून जस्त.
चुना मात्र कणभरही नाही.
खर्रासुद्धा मी
बांधाबाहेर जाऊन घोटतो.