स्टिंक

तिसरा तास संपता संपता, नववी ब च्या दारात,
पंचायतीचा शिपाई कागद घेऊन उभा:
"सर, ह्याचा मराठी करून होया. उद्या सभा."
टेकडीवरच्या रिसॉर्टचा अर्ज, इंग्रजी, एक पान.
विषय : निवतीच्या किनाऱ्यावरील वाळवण.
एकच शब्द पाच वेळा. स्टिंक.

बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो मी.
स्टिंक, स्टँक, स्टंक
घोकून घेतलंय पोरांकडून, बापांकडूनही.
कधी वाटलं नाही,
हा शब्द माझ्याच घरामागे वाळत असेल.

रात्री जाडा शब्दकोश काढला.
(त्यालाही कसर, दमट पानं, त्याचा आपला वास.)
हजार वर्षांपूर्वी, त्यात होतं,
स्टिंक म्हणजे नुसतं दरवळणं.
फुलंही स्टिंक करायची.
मग समुद्रापलीकडून राजे आले,
त्यांच्या पेटाऱ्यातून उंची शब्द आले,
सुगंध त्यांच्या पदरी गेला
आणि ह्याच्याकडे उरलं
जे कोणालाच नको होतं.
असं आपलं मी समजलो.

हसू आलं. आणि आपली घाण तरी?
मूळ म्हणे घ्राण. हुंगणं. नाक.
नाकानं कोणाचं काय केलं होतं?

सकाळी मुद्दाम वाळूतून गेलो.
भागू मेतर जाळ्यावर पेडवे परतत होती,
काखेत कावळ्यांसाठी काठी.
"भागू, ह्येंका वास येता काय गो?"
तिनं पाहिलं,
शिकून वाया गेलेल्याकडे पाहतात तसं.
"येतलोच. ओले रवले तर येगळो,
कडक झाले तर येगळो.
कुसूक लागले तर निजेतसून उठतंय मी.
तुमका सगळो एकच येता?"

तिची हर्षाली शेवटच्या बाकावर, खिडकीशी.
कोणी बसवलं नाही तिला.
जूनमध्ये स्वतःच आली होती,
"सर, खिडकीकडे बसू?"
मी म्हटलं, बस.
मला वाटलं, उजेडासाठी.

अर्जाचं मराठी केलं.
पाचही ठिकाणी लिहिलं, वास.
'या किनाऱ्यावर मासळीचा वास आहे.'
सभेत पडते ग्रामसेवक अडखळले,
"वास म्हणजे येतो तो, की राहतो तो?"
मी म्हटलं, मूळ अर्थ जपलाय.
खोटं नव्हतं.
फक्त किती मूळ, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नववी ब चे बाक फिरवले.
हर्षाली मधल्या रांगेत आली,
दप्तर पोटाशी धरून.
खिडकीतून वारा आला, सगळं वाळवण घेऊन.
कोणी नाक दाबलं नाही.
किंवा दाबलं असेल.
मी फळ्याकडे वळलो होतो,
क्रियापदाचं दुसरं रूप लिहीत.